नवा शर्ट जुना करताना

संध्याकाळी अर्धा तास आमच्या आयला कोणी हाक मारायची नाही, असा घरचा नियम होता. ती पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, पाटी भरून सातपाटीहून पालघरला आणि तिथून बोईसरच्या बाजारात जायची, आणि उन्हं कलली की रिकामी पाटी कमरेवर धरून परत यायची. आल्यावर आधी गरम पाणी पायांवर ओतून घ्यायची, लिंबाच्या सालीने हात घासायची, मग धुतलेलं लुगडं नेसून ओटीवर बसायची आणि खोबरेल तेल तळव्यांना, घोट्यांना, बोटांच्या बेचक्यांत जिरवत राहायची. केसांत अबोलीचा गजरा, तो नसला तर दारचं कुठलंही फूल. शेजारीण काही विचारायला आली तरी आय नुसती मान हलवायची. "दिसभर मासळीची हाय मी," ती म्हणायची, "आता जरा माजी हाय." मला तेव्हा या सगळ्याचं हसू यायचं. पुढे पस्तीस-चाळीस वर्षं मालिकांच्या आणि जाहिरातींच्या कपडेपटात काढल्यावर, मान आणि कंबर दोन्ही डॉक्टरांच्या ताब्यात गेल्यावर, मीही रोज दुपारी अर्धा तास पाय वर घेऊन पडते. माझ्याकडच्या मुली याला ताई ध्यानाला बसल्यात असं म्हणतात. मी त्यांना काही सांगत नाही.

घर आमचं बंदरापासून फार लांब नव्हतं. बोटी परत येताना इंजिनांचा टुकटुक आवाज आधी ऐकू यायचा, मग बायकांचा गलका, मग बर्फ फोडल्याचा आवाज. मागच्या अंगणात बांबूंवर बोंबील वाळत असायचे. वारा सुटला की ते एकमेकांवर आपटून कागदासारखे वाजायचे. चांगलं पापलेट विकायला जायचं आणि आमच्या ताटात बोंबील नाहीतर मांदेली यायची, पण आयच्या हातचं बोंबलाचं आंबट आणि तांदळाची भाकरी समोर आली की पापलेटाची आठवण कोणाला होत नसे. बाबा मात्र त्या वर्षांत जेवायलासुद्धा मागच्या पडवीतच बसायचे. जाळं ओढायच्या यंत्रात त्यांचा उजवा हात सापडला होता. हात राहिला, पण त्यातली दोन बोटं वळेनाशी झाली आणि पकड गेली. बोटीवर जाणं बंद झालं, त्याला दोन वर्षं होत आली होती. ते डाव्या हाताने जाळी विणायचे, तीही हळूहळू, आणि बंदराकडे एकदाही फिरकले नव्हते. बोलावायला आलेल्या माणसांना आतूनच "नाय, आज नको" सांगायचे. बोटीवर घालायचा त्यांचा निळ्या रेघांचा शर्ट पडवीतल्या खुंटीवर तसाच लटकत होता. आयने तो ना धुतला, ना ट्रंकेत टाकला.

मी बारावी करून बोईसरला एका शिवणाच्या दुकानात लागले होते. दुकान एका टेलरमास्तरांचं. ते उत्तरेकडून येऊन तिथेच राहिलेले, सगळे त्यांना मास्टरजी म्हणायचे. कारखान्यांतल्या कामगारांचे गणवेश आमच्याकडे शिवायला आणि दुरुस्तीला यायचे. मी काजं-बटणं करायची, उसवलेलं जोडायची. तिथे मला कपड्याकडे बघायची सवय लागली. शर्ट हातात आला की माणूस कुठल्या खात्यात काम करतो ते मला कळायचं. भट्टीजवळच्या माणसाची छाती फिकी पडलेली, पोती वाहणाऱ्याचा एकच खांदा विरलेला, रंगखात्यातल्याच्या शिवणींच्या आत निळा नाहीतर किरमिजी रंग कायमचा बसलेला. सुपरवायझरचा खिसा पेनाने फाटलेला. मी मास्टरजींना न विचारता ओळखून सांगायची आणि ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "तू दर्जी है या पुलिस?" हल्ली मुलाखती घेणारी तरुण मुलं मला विचारतात, तुम्हाला प्रेरणा कुठून मिळाली. परदेशी मासिकांची नावं ऐकायच्या तयारीत असतात बिचारी. मी बोईसरच्या गणवेशांचं सांगितलं की ती हसतात, आणि छापताना तेवढंच गाळतात.

एके दिवशी दुपारी एक उंच, सावळ्या बाई दुकानात आल्या. खांद्याला दोन मोठ्या पिशव्या, गळ्यात टेप, ओढणीच्या टोकाला ओळीने सेफ्टीपिना टोचलेल्या. त्या मालिनीताई. माकुणसारला एक जुनं घर भाड्याने घेऊन तिथे आणि केळव्याच्या किनाऱ्यावर कसल्याशा मालिकेचं चित्रीकरण सुरू होतं, आणि तिच्या कपडेपटाचं सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांनी पिशवीतून कोरे करकरीत शर्ट काढून टेबलावर ठेवले.

"मास्टरजी, हे दोन दिवसांत जुने करून पाहिजेत. मच्छीमाराचे दिसले पाहिजेत."

मास्टरजींनी हातातली कात्री खाली ठेवली. "मॅडम, हमने तो जिंदगी भर पुराने को नया किया है. ये उल्टा काम पहली बार सुन रहा हूँ."

"चहाच्या पाण्यात बुडवा. आम्ही नेहमी तसंच करतो."

मी काजं करत होते. मला बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, "चहानं सगळा सारखाच तपकिरी होईल ताई. बोटीवरचा शर्ट तपकिरी नाही होत, पांढरा पडतो. आधी खांद्यावर, मग पाठीवर. काखेत मूळचा रंग तसाच राहतो."

मालिनीताईंनी माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. "तुला काय माहीत?"

"आमच्या घरी आहे एक."

"उद्या माकुणसारला घेऊन ये," त्या म्हणाल्या.

हे मी आज लिहिते आहे ते शांतपणे, पण त्या संध्याकाळी मी दोनदा पडवीच्या दारापर्यंत जाऊन परत आले. बाबांना विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले नसते, काहीच म्हणाले नसते, आणि तीच मला भीती होती. त्या खुंटीबद्दल घरात कोणी बोलत नसे. सकाळी ते तोंड धुवायला मागे गेले तेव्हा मी शर्ट काढला, घडी करून डब्याच्या पिशवीत तळाशी घातला आणि निघाले. एवढ्या वर्षांत मी कितीतरी लोकांचे कपडे चित्रीकरणासाठी मागून नेले असतील. प्रत्येक वेळी दारात उभं राहून, कशासाठी, किती दिवस आणि काय होणार ते सांगून नेले. न विचारता नेलेला तो पहिला आणि शेवटचा.

माकुणसारच्या त्या घरात शर्ट हातोहात फिरला. दिग्दर्शकाने तो उजेडात धरला. खांदे मिठाने आणि उन्हाने पांढुरके पडलेले, उजव्या खांद्यावर दोर घासून तलम झालेली पट्टी, पोटावर इंजिनच्या तेलाचा काळा डाग, एक बटण तुटलेलं आणि त्याच्या जागी जाळ्याच्या दोऱ्याचा फास, पाठीवर आयने लाल दोऱ्याने लावलेलं ठिगळ. "हाच," तो म्हणाला. "हीरोला हाच पाहिजे." मालिनीताईंनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. हीरो त्याच शर्टावर पाण्यात उतरणार होता, पुढे एका मारामारीत शर्ट फाटणार होता. म्हणजे अगदी असेच आणखी दोन हवेत. पाच दिवसांत. "जमेल?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. असं काम असतं हेच मला चोवीस तासांपूर्वी माहीत नव्हतं.

कापड मिळालं ते बोईसरलाच, कारखान्यांतून निघालेले तुकडे किलोवर विकणाऱ्याकडे. रेघा अगदी तशा नव्हत्या, एक केसभर जाड, पण रंग उतरल्यावर ते कळणार नव्हतं. मास्टरजींनी बाबांचा शर्ट उलटासुलटा करून मापं घेतली आणि दोन शर्ट एका दिवसात शिवले. नंतरचं माझं. दुकानामागच्या मोरीत मी ते मिठाच्या पाण्यात भिजवले, पत्र्यावर वाळवले, पुन्हा भिजवले. ब्लिचिंग पावडर कालवून खांद्यांवर हाताने चोळली. हातमोजे वगैरे कोणाला सुचणार? पॉलिश पेपरने कॉलर घासली. डबा तसाच परत जायचा. रंग जास्त उतरायच्या आत शर्ट पाण्यातून काढला पाहिजे म्हणून मी जेवायला उठत नव्हते, आणि उठले तरी हातांना पावडरीचा वास. तिसऱ्या दिवशी बोटांची सालं निघायला लागली. त्या दुपारी मी मशीनवर बसून लाल दोऱ्याचं ठिगळ लावत होते, आणि एकदम समोरचं सगळं पांढरं झालं. शुद्धीवर आले तेव्हा मास्टरजी तोंडावर पाणी मारत होते. "घर जा बेटी. कपड़ा कल भी रहेगा," असं म्हणत त्यांनी मला, दोन्ही नव्या शर्टांसकट, ओळखीच्या रिक्षात बसवून दिलं. बाबांचा शर्ट माझ्या पिशवीतच होता.

आय बाजारातून नुकतीच आली होती. त्या दिवशी तिने पायांवर पाणीसुद्धा घेतलं नाही. माझे हात बघून आधी एक शिवी दिली, कोणाला ते कळलं नाही, मग मला ओटीवर बसवून पेज आणली, वर सुकटीची चटणी, आणि लहानपणी भरवायची तशी चमच्याने भरवली. मग तेलाची वाटी घेतली आणि माझं एकेक बोट धरून तेल लावायला लागली.

"हात गेलं की काय करतात ते घरात बगतेस ना रोज?" ती म्हणाली. "मंग? तुला कळत नाय?"

पडवीच्या दारात बाबा उभे होते. ते हे ऐकून आत जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत.

"तीन दिस झालं, खुंटी रिकामी हाय," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. मालिनीताई, हीरो, पाच दिवस, सगळं. सांगताना रडू आलं, ते हातांच्या आगीमुळे की कशामुळे कोण जाणे. बाबा ऐकून मागे निघून गेले. आय मान हलवत राहिली. जरा वेळाने ते परत आले आणि म्हणाले, "दाकव."

मी तिन्ही शर्ट ओटीवर मांडले. बाबा उकिडवे बसले. आपल्या शर्टाला त्यांनी हात लावला नाही. माझे दोन बघितले, खांद्यावरून अंगठा फिरवला.

"ह्ये कशानं केलंस?"

"पॉलिश पेपरनं."

"तरीच. सगळीकडं सारकंच घासलंय. मानसाचा खांदा काय सपाट असतो काय?" ते उठले, मागून जुन्या दोराचा एक तुकडा घेऊन आले. माझा शर्ट त्यांनी स्वतःच्या अंगात चढवला, दोराचं एक टोक ओटीच्या खांबाला बांधलं, दोर उजव्या खांद्यावरून घेतला आणि डाव्या हाताने ओढायला लागले. अंग वाकवून, पाय रोवून, जाळं ओढतात तसं. उजवा हात नुसता दोरावर ठेवलेला. "नुस्तं घासू नको. काम कर, मंग बरोबर जागी घासंल." ते ओढत होते, दोर खांद्यावरून सरकत होता, आणि आय तेलाची वाटी हातात धरून बघत होती. दोन वर्षांत आम्ही त्यांना असं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. मग मला म्हणाले, "दुसरा तू घाल."

पुढचे दोन दिवस मी दुकानात गेलेच नाही. अंगणात, बोंबलांच्या बांबूंखाली, आम्ही दोघं शर्टांना कामाला लावत होतो. तेलाचा डाग इंजिनला टेकून कसा पडतो, तो गोल का नसतो, वरून खाली का ओघळतो, हे बाबांनी सांगितलं. फास त्यांनीच मारून दिले, डाव्या हाताने आणि दातांनी. बोलताना त्यांना कधीकधी एखाद्या वादळाची, एखाद्या मेलेल्या सोबत्याची गोष्ट आठवायची आणि ती सांगून झाल्यावर ते पुन्हा शर्टाकडे वळायचे. दुपारी आय नसली तरी तिचा हुकूम असायचा, ताट वाढून घ्यायचं, बसून जेवायचं, मगच पुढचं. आम्ही दोघंही मुकाट्याने जेवायचो. पुढे मी मोठमोठ्या कपडेपटांत काम केलं, कपडा कसा झिजवायचा यावर माझ्यासमोर पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. पण त्या दोन दिवसांत मला जे मिळालं त्यापेक्षा वेगळं कोणी काही शिकवलं नाही.

चित्रीकरणाच्या दिवशी केळव्याच्या सुरूंखाली मी तिन्ही शर्ट घेऊन उभी होते. पाण्यातली दृश्यं झाली. मग मारामारी. एकाने हीरोची कॉलर धरून खेचायचं आणि शर्ट खांद्यापासून पाठीपर्यंत फाटायचा. कॅमेरा अगदी जवळ लावला होता. मालिनीताई घाईघाईने आल्या.

"जुना दे. खरा. इतक्या जवळून नकली चालणार नाही."

"ताई, तो फाडायला देणार नाही मी. हा घ्या."

"शोभा, सगळे खोळंबलेत."

"माझ्या बाबांचा आहे तो. फाडायचं मी त्यांना विचारलेलं नाही. हा दुसरा घ्या, काही कळणार नाही."

"आणि कळलं तर?"

"तर मला काढून टाका."

"ते मी आत्ताच करू शकते," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातून दुसरा शर्ट ओढून घेऊन गेल्या. मी बाबांचा शर्ट पोटाशी धरून वाळूत बसले. समोर कोणीतरी ओरडलं, शर्ट टर्रकन फाटला, पुन्हा कोणीतरी ओरडलं, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. कॅमेऱ्यामागून कोणी काही विचारलं नाही. मालिनीताई बराच वेळ माझ्याकडे आल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत आल्या त्या स्वतःचा डबा घेऊन. अर्धी पोळी आणि बटाट्याची भाजी माझ्या पुढ्यात ठेवली, फाटलेला शर्ट माझ्या पिशवीवर टाकला आणि म्हणाल्या, "उद्या साडेसहाला माकुणसारला ये. बायकांची लुगडी आहेत दहा. हात बरे होईपर्यंत पावडरीला शिवायचं नाही." माफी त्यांनी मागितली नाही आणि मीही नाही. त्या पुढे अकरा वर्षं माझ्या गुरू होत्या.

घरी पोचले तेव्हा आय ओटीवर तिच्या अर्ध्या तासात होती, म्हणून मी गुपचूप पिशवी ठेवून पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तर बाबा पिशवीपाशी बसले होते. त्यांनी वरचा, फाटलेला शर्ट काढून मांडीवर पसरला होता. पाठीवरचं लाल ठिगळ मधोमध चिरलं होतं. त्यावरून ते वळत नसलेली बोटं फिरवत होते.

"गेला," ते म्हणाले. "जाऊ दे. खूप चालला."

मी पिशवीत हात घालून त्यांचा शर्ट काढला आणि त्यांच्यासमोर धरला. बाबांनी तो बघितला, मांडीवरचा बघितला, पुन्हा तो बघितला. कॉलर उलटून आतली शिवण तपासली. आय हातातलं तेल तसंच ठेवून इकडे बघत होती, नियम विसरून.

"मंग ह्यो कुनाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा," मी म्हणाले.

बाबांनी पिशवीत हात घालून माझा दुसरा शर्टही बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला माकुणसारला पोचायचं म्हणून अंधारातच निघाले, त्यामुळे पुढचं मी पाहिलेलं नाही, संध्याकाळी आयने सांगितलं तेवढंच. बोटी यायच्या सुमाराला बाबा अंघोळ करून, माझ्या दोन शर्टांपैकी धड राहिलेला घालून बाहेर पडले आणि सरळ बंदरावर गेले. आय तिथे पाटी भरत होती. तिला वाटलं, कोणाचा तरी भास झाला. एका जुन्या सोबत्याने बोटीवरूनच हाक मारली, "काय रे, आज परत दर्यावर काय?"

"नाय," बाबा म्हणाले म्हणे, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "माज्या पोरीनं केलाय ह्यो शर्ट. तो दाकवायला आलोय."